पानिपत जिंकलो असतो, तर पंजाब आपला राहिला असता?

दरवर्षी संक्रांत जवळ आली की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून येतो. कधी कोर्समेट विचारतो, कधी पुण्याचा भाचा, तर कधी मी लेफ्टनंट असताना मला वळण लावणारे एखादे निवृत्त सुभेदार मेजर. विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर? उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्यही तयार असतं: तर आज आपली सरहद्द अटकेला असती. काही जण तिथेही थांबत नाहीत, थेट कंदाहारला जातात. सध्या माझी पोस्टिंग पंजाबात आहे, त्यामुळे यंदा प्रश्नाला जरा जास्तच धार होती. "मामा, तू तिथेच आहेस ना, मग तूच सांग."

सांगतो. लढाई आपण जिंकू शकलो असतो, हे मला मान्य आहे. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी समोरची रोहिल्यांची फळी खिळखिळी केली होती आणि भाऊसाहेबांच्या हुजुरातीने अफगाणांचा मध्य मागे रेटला होती. अब्दालीने राखीव फौज हाताशी ठेवली होती, ती त्याने नेमक्या वेळी आत घातली आणि पारडं फिरलं. खेळ दोन-तीन तासांचा होता. तो उलटा फिरणं अजिबात अशक्य नव्हतं. पण लढाई जिंकली असती म्हणून पंजाब आपल्याकडे राहिला असता, हे मात्र मला मान्य नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत. जर-तरचा इतिहास रंगवणारे बहुतेक जण ती एकाच टाक्यात शिवून टाकतात.

जर-तरला मी कमी लेखत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. 'आत्याबाईला मिशा असत्या तर' म्हणून तो उडवून लावणारे इतिहासाचे प्राध्यापक मला भेटले आहेत. पण आमच्या पेशात निम्मा अभ्यास जर-तरचाच असतो. वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजमध्ये वर्षभर आम्ही नकाशावर काल्पनिक देशांची काल्पनिक युद्धं लढत होतो. तिथे एक गोष्ट लवकर लक्षात आली. बाण काढायला सगळ्यांना आवडतं. जाड, लाल, वळणदार बाण, नदी ओलांडून शहराच्या छातीत घुसणारा. शिकवणारे बाणाला फारशी हरकत घेत नसत. तो काढून झाला की ते शांतपणे पुरवठ्याचा तक्ता मागत. मग वर्गातला आवाज एकदम खाली यायचा. इंटरनेटवर पर्यायी इतिहासाचे जे रंगीत नकाशे फिरतात, त्यांत बाण असतात आणि रंग असतो. तक्ता नसतो.

पानिपताच्या बाबतीत आपलं काम तसं सोपं आहे, कारण पंजाब जिंकून ठेवण्याचा प्रयोग आपण एकदा प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. पानिपताच्या आधी तीन वर्षं. 'अटकेपार झेंडे' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. त्यामुळे कल्पना लढवण्याआधी तो प्रयोग कसा झाला हे बघणं बरं.

१७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादा आणि मल्हारराव होळकरांनी सरहिंद घेतलं. एप्रिलमध्ये लाहोर पडलं. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि सेनापती जहानखान शहर सोडून पळाले. त्यांचा पाठलाग झाला, मराठी तुकड्या पुढे अटकेपर्यंत गेल्या. ४ मे रोजी दादांनी लाहोरहून नानासाहेबांना पत्र लिहिलं, त्यात मुलतान, काश्मीर, कंदाहार सगळ्याचे बेत आहेत. ते पत्र वाचताना आजही अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्याही चढतं. पण तारीख बघा. मे महिना. पंजाबात उन्हाळा पेटलेला, पुढे पावसाळा आणि पाचही नद्यांना पूर. आपली सगळी लष्करी रीत दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाळ्याआधी घर अशी. पत्र लिहिल्यानंतर थोड्याच दिवसांत दादा परतीच्या वाटेला लागले.

मागे कोण राहिलं? सुभा दिला अदिना बेगकडे, वर्षाला ७५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर. अदिना बेग हा मुरलेला, हुशार गृहस्थ; मोगल, अफगाण, शीख आणि आपण, सगळ्यांशी त्याने कधी ना कधी सौदा केला होता. सरहिंदच्या मोहिमेत शिखांचे जथे आपल्या बाजूने लढले होते. पण सुभा मिळाल्यावर हाच अदिना बेग त्या शिखांच्या मागे लागला. म्हणजे ज्यांची जमीन त्यांच्याशी आपला करार नव्हता. करार मधल्या मक्तेदाराशी होता. आणि तो मक्तेदार त्याच वर्षी मेला. सगळा जिंकलेला प्रांत एका म्हाताऱ्याच्या तब्येतीवर टांगलेला होता!

पुढे दत्ताजी शिंद्यांनी साबाजी शिंद्यांना थोड्या फौजेनिशी लाहोरला ठेवलं. १७५९ च्या पावसाळ्यानंतर अब्दाली खाली उतरला, तेव्हा साबाजींना पंजाब सोडून मागे यावं लागलं. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी पडले. हिशेब केला तर लाहोर आपल्याकडे जेमतेम दीड वर्ष होतं. आणि या मोहिमेतून दादा पुण्याला परतले ते खजिना घेऊन नाही, कर्ज घेऊन. ७५ लाखांचा वार्षिक आकडा कागदावर होता. सावकार पुण्यात दारात होता.

हे १७५८ साली झालं. तेव्हा अब्दाली समोर नव्हता, आपली फौज ताजी होती, शीख सोबत होते, दिल्लीत आपला शब्द चालत होता. याहून चांगली परिस्थिती १७६१ मध्ये कशी आली असती?

आता विजय देऊनच टाकू. विश्वासराव हत्तीवर सुखरूप आहेत, भाऊ सुखरूप आहेत, अब्दाली सैन्य गोळा करत यमुनेकडे सरकतो आहे. १५ जानेवारीची सकाळ. कादंबरी इथे संपते. क्वार्टरमास्टरचं काम इथून सुरू होतं.

१ नोव्हेंबरच्या आसपास दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, तेव्हापासून अडीच महिने आपली छावणी कोंडलेली होती. दुआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याआधी ऑगस्टमध्येच पैशाची इतकी ओढाताण होती की दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. छावणीत लढणाऱ्यांखेरीज बायका-मुलं, यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर असा प्रचंड गोतावळा. जनावरं चाऱ्यावाचून मरत होती. लढाईला निघण्याचं कारणच मुळी उपास हे होतं. असं सैन्य लढाई जिंकू शकतं. भुकेला माणूस एक दिवस अतिशय जोरात लढतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच घोड्यावर बसून चारशे किलोमीटर लाहोरपर्यंत पाठलाग? आणि पाठलाग झाला नाही, तर विजयाचा प्रांत होत नाही. शत्रू घरी जातो, जेवतो, पुन्हा येतो.

घोड्यांचा एक साधा हिशेब मी भाच्याला करून दाखवला. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण जनावरांबरोबर काम केलेल्या कुणालाही पटतील. काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला चार किलो दाणा धरा, वैरण वेगळी. ५० हजार घोडी धरली तर रोज २०० टन दाणा. बैलाच्या पाठीवर १०० किलो लादलं, तर रोज २ हजार बैल भरून यायला हवेत. नुसत्या दाण्यासाठी. माणसांचं पीठ, दारूगोळा, तोफा ओढणारे बैल, सगळं वेगळं. शिवाय बैलही खातो. त्या काळच्या फौजांना धान्य पुरवणारे बंजारे हे काम करत, आणि त्यांचे तांडे जिथे रोख पैसा आणि निर्धोक रस्ता तिथेच जात. पानिपतानंतर आपल्याकडे यातलं काय होतं?

बरं, पुढे समजा अब्दाली पेशावरपलीकडे गेला आणि आपण लाहोर, मुलतान, अटक इथे ठाणी बसवली. लाहोरहून काबूल जेवढं लांब, त्याच्या जवळजवळ तिप्पट पुणे लांब. तुम्ही म्हणाल, पुणे कशाला मोजता, शिंदे-होळकर माळव्यात होते. ठीक, माळव्यातून मोजा. तरी दुप्पट. म्हणजे प्रत्येक हिवाळ्यात शत्रूचा फेरा आपल्यापेक्षा लहान. त्याला खैबर उतरायची की नाही हे त्याने ठरवायचं, आणि आपण मात्र दर वर्षी तयार राहायचं. १७४८ पासून तो पुन्हा पुन्हा खाली येतच होता. एका पराभवाने थांबला असता? पहिल्याच स्वारीत मणुपूरला त्याने मार खाल्ला होता. पुढच्याच वर्षी परत आला.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा मात्र वेगळाच आहे, आणि तो आपल्या मराठी चर्चेत जवळपास येतच नाही. पानिपत जिंकलेल्या माणसाला तरी पंजाब ठेवता आला का? नाही. अब्दाली मार्च १७६१ मध्ये दिल्ली सोडून निघाला. सैन्य पगारासाठी कुरकुरत होतं, उन्हाळा तोंडावर होता. परतीच्या वाटेवर शीख जथ्यांनी त्याला सुखाने जाऊ दिलं नाही. १७६२ च्या फेब्रुवारीत तो परत आला आणि शिखांची भयंकर कत्तल केली. इथे तिला 'वड्डा घल्लुघारा' म्हणतात, आणि आजही त्याविषयी बोलताना म्हाताऱ्यांचा आवाज बदलतो. एवढं करूनही १७६४ मध्ये सरहिंद शिखांनी घेतलं, १७६५ मध्ये लाहोर. घर जवळ, फौज जिंकलेली, दहशत बसलेली, आणि तरी चार वर्षांत प्रांत हातचा गेला. मग जो पराभूत झाला, तो जिंकला असता तर त्याने ठेवला असता, हे कुठल्या हिशेबाने म्हणायचं?

इथल्या गावांत अजून एक म्हण आहे. जे खाल्लं-प्यालं ते आपलं, बाकी सगळं अहमदशहाचं, असा तिचा अर्थ. ज्या प्रांताने अशी म्हण तयार केली, त्याला आणखी एक दुरून येणारा खंडणीवाला हवा होता असं मला वाटत नाही. आपली भाषा कुठली आणि देव कुठले, हा प्रश्न शेतकऱ्याला दुसरा. पहिला प्रश्न, पुढच्या वर्षी हाच माणूस वसुलीला येईल की तिसराच? पंजाब शेवटी ठेवला तो तिथल्याच माणसांनी. रणजितसिंगांनी १७९९ मध्ये लाहोर घेतलं आणि अटकेचा किल्ला १८१३ मध्ये. तोपर्यंत त्यांच्यामागे मिसलींनी दोन पिढ्या गावोगावी बसवलेला जम होता.

हाच धडा मी पुस्तकात नाही, लडाखमध्ये शिकलो. तेव्हा मी कॅप्टन होतो. ज्यांनी तिथे नोकरी केली आहे त्यांना विंटर स्टॉकिंग हा शब्द ऐकला तरी घाम फुटेल. रस्ते उघडे असतात त्या चार-सहा महिन्यांत वर्षभराचं सगळं वर चढवायचं. पीठ, डाळ, केरोसीन, औषधं, टिनातल्या भाज्या, बॅटऱ्या. माझ्या कंपनीत एक डोगरा सुभेदारसाहेब होते. एकदा गस्तीवरून परतताना मी समोरच्या एका धारेकडे बोट दाखवून म्हटलं, तिथे पोस्ट असती तर दोन्ही नाले नजरेत आले असते. त्यांनी धारेकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहाँ पानी कौन चढ़ाएगा, साहब?" एवढंच म्हणाले आणि चालत राहिले. नंतर मी खरोखरच गणित मांडलं. दहा जवान तिथे ठेवायचे तर त्यांना जगवायला खाली किती माणसं आणि किती खेचरं लागतील, याचं. सुभेदारसाहेबांचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा बराच शहाणा होता.

त्यांच्याच मुलखातला एक सेनापती आहे, जोरावरसिंग. पर्यायी इतिहासवाल्यांचा तोही आवडता. 'जोरावरसिंग जगला असता तर कैलास-मानसरोवर आपलं असतं.' त्यांनी १८३४ पासून लडाख घेतलं, मग बाल्टिस्तान. १८४१ च्या उन्हाळ्यात काही हजार माणसं घेऊन ते तिबेटात शिरले आणि सप्टेंबरपर्यंत ताकलाकोटपर्यंत पोचले. पशमीना लोकरीचा व्यापार हा त्यामागचा मोठा हेतू होता, केवळ पराक्रमाची हौस नव्हती. चार हजार मीटरच्या आसपासची उंची, आणि मग हिवाळा. खिंडी बंद झाल्या. ऊब मिळवायला जवानांनी बंदुकांचे दस्ते जाळले, असं लिहून ठेवलेलं आहे. ज्याने उणे तापमानात रात्रपाळी केली आहे, त्यालाच कळेल की माणूस कुठल्या टोकाला पोचल्यावर स्वतःच्या बंदुकीचं लाकूड जाळतो. १२ डिसेंबर १८४१ ला तोयोच्या लढाईत जोरावरसिंग पडले. पुढच्या वर्षी चुशुलला तह झाला आणि सरहद्द पुन्हा जुन्या जागी गेली.

आता गंमत बघा. तिबेट गेलं, पण लडाख राहिलं. माणूस तोच, सैन्य तेच. लडाख किश्तवाडच्या वाटेने जम्मूला जोडलेलं होतं, लेहला किल्ला बांधून शिबंदी ठेवली होती, बंड झाली तेव्हा जोरावरसिंग पुन्हा पुन्हा डोंगर ओलांडून गेले होते. ताकलाकोटला यातलं काही उभं राहायला वेळच मिळाला नाही. म्हणून 'ते जगले असते तर' या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की जगले असते तर वसंतात परत आले असते.

आपल्या मराठी इतिहासातही टिकलेल्या विजयांची कमतरता नाही. पण त्यांची आठवण आपण फारशी काढत नाही. 'अटकेपासून कटकापर्यंत' असं आपण एका दमात म्हणतो, जणू दोन्ही सारखीच. अटकेकडची सत्ता दीड वर्ष होती. कटक नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून १८०३ पर्यंत होतं, म्हणजे बावन्न वर्षं. पण कटकेपार झेंड्यांचा वाक्प्रचार झाला नाही!

आणि तंजावर? वेलिंग्टनला असताना सुट्टीत तिथे गेलो होतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि गावात अजून वेगळ्याच वळणाची मराठी बोलणारी माणसं भेटतात. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तिथे बसले आणि ते राज्य १८५५ पर्यंत चाललं. शेवटची पन्नासेक वर्षं कंपनीच्या छायेत, नावापुरती, हे खरं. तरी सव्वाशे वर्षं खरीखुरी सत्ता. पुण्यापासून हजार किलोमीटरहून लांब. ती टिकली, कारण ते राजे परत आले नाहीत. कावेरीच्या पाण्यावर, तिथल्या देवळांवर, तिथल्या महसुलावर त्यांनी संसार मांडला. दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत, मराठी सगळं चालायचं. शाहजी राजे तर तेलुगूत नाटकं लिहीत. राघोबादादांनी लाहोरला पंजाबी काव्य लिहावं अशी माझी अपेक्षा नाही, पण किमान एक पावसाळा काढायला हवा होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो जोरदार आहे. इंग्रज तर सात समुद्रांपलीकडून आले, त्यांनी कसं ठेवलं? उत्तर असं, की त्यांनी लंडनहून ठेवलंच नाही. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर त्यांनी बंगालच्या महसुलातून हिंदुस्थानी शिपायांना दरमहा पगार दिला. दरमहा, हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे सरदार सरंजामावर फौज ठेवायचा, शिपायाचे पगार महिनोन् महिने थकायचे, आणि मोहीम संपली की फौज पांगायची. कंपनीची पलटण पावसाळ्यातही बराकीत असायची. ते समुद्राने लांब होते, पण हिंदुस्थानात त्यांचा तळ जागेवर होता.

म्हणूनच पानिपतावर जर-तर करायचंच असेल तर मी बाण पश्चिमेला नाही, पूर्वेला काढीन. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. तिच्यात गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि मराठे जिंकतात. पण नारळीकरांनी त्यानंतर कंदाहारवर झेंडा लावला नाही, हे मला नेहमी विशेष वाटतं. त्यांच्या जगात कंपनीचा विस्तार अडतो. शास्त्रज्ञाने कुठली दोरी ओढली तर कुठला पडदा हलेल हे नीट पाहिलं होतं. १७६१ मध्ये प्लासी होऊन चारच वर्षं झाली होती, दिवाणी अजून चार वर्षं लांब होती. नानासाहेबांचं लक्ष बिहार-बंगालच्या पैशावर होतंच. दत्ताजींना त्याच दिशेने जायचं होतं, आणि गंगेवर पूल बांधून देण्याच्या नजीबखानाच्या थापेवर विसंबून ते शुक्रतालला अडकले. पानिपत जिंकून नजीब संपला असता, अवधचा शुजाउद्दौला वळला असता, तर वाट मोकळी होती. सुपीक मैदान, मोगलांची तयार महसूल व्यवस्था, आणि दर हिवाळ्याला खिंडीतून उतरणारा कोणी नाही.

तरीही मी हे खात्रीने म्हणणार नाही. उत्तर बंगालमध्ये माझी एक टेन्युअर झाली. तिथल्या बायका मुलांना झोपवताना अजून बर्गींची भीती घालतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, १७४० च्या दशकात नागपूरकरांबरोबर गेलेले. माझं आडनाव ऐकून एका बंगाली डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं होतं, "तुम्ही बर्गी का?" त्या हसत होत्या म्हणून बरं. बंगालच्या शेतकऱ्याने आपल्याला कंपनीपेक्षा बरे मानलं असतं की नाही, हे मला सांगता येत नाही. दरवर्षी लुटायला येणारा एकदम राज्य करायला राहिला, तर लोकांना ते पटायला एक पिढी जाते. ती पिढी आपल्याला मिळाली असती का?

या सगळ्याचा आजच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, कारण प्रश्न विचारणारा भाचा इतिहासावर थांबत नाही. त्याचं पुढचं वाक्य असतं, "१९७१ मध्ये ढाका घेतलं होतं, सोडलं कशाला?" हे मी मेसमध्ये तरुण अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे. १६ डिसेंबरला ९३ हजार लोक युद्धकैदी झाले आणि मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. तीन महिने. आपल्या लष्कराच्या इतिहासात यापेक्षा शहाणी हालचाल मला माहीत नाही. जे लोक डिसेंबरात आपल्या जवानांच्या गळ्यात हार घालत होते, त्यांच्या गल्लीत आपण पुढच्या डिसेंबरातही बंदूक घेऊन उभे असतो, तर तेच हार घालणारे हात काय करत असते? ज्या माझ्या पिढीने काउंटर-इन्सर्जन्सीत वर्षं काढली आहेत, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. मुक्तिवाहिनीला लढायला आपणच शिकवलं होतं.

नकाशा रंगवणाऱ्याला ठाण्यावरचा माणूस दिसत नाही. मला तोच आधी दिसतो, ही माझ्या नोकरीची सवय. अटकेच्या किल्ल्यावर १७६१ च्या त्या काल्पनिक जुलैमध्ये वाई-साताऱ्याकडचे दोनशे लोक आहेत. सिंधूला पूर आहे. पगार सात महिने थकला आहे. आजूबाजूची भाषा कळत नाही. पुण्याहून पत्र यायला महिना-सव्वा महिना. अब्दाली दसऱ्यानंतर येणार हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना तिथे थांबायला तुम्ही काय सांगाल? मी अशा वेळी जवानांशी बोललो आहे, सोप्या परिस्थितीत, रेशन आणि रजा वेळेवर असताना. तेही सोपं नसतं.

या प्रश्नावर खरं मत देण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि त्याने ते कृतीने दिलं. महादजी शिंदे पानिपतावरून अधू पाय घेऊन वाचले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, त्यांनी दिल्ली परत घेतली आणि शहाआलमला तख्तावर आणलं. पुढे द बॉइनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तोफांचे कारखाने काढले. पानिपताचा सूड घ्यायचा असता तर त्यांच्याइतकं साधन त्याआधी कुणाकडे नव्हतं, आणि त्यांच्याइतकं कारणही नव्हतं. दत्ताजी आणि जनकोजी त्यांच्याच घरचे. १७८५ मध्ये त्यांनी सतलजच्या अलीकडच्या शीख सरदारांशी तह केला. लाहोरवर मोहीम काढली नाही.